अंगणात मेलेला पक्षी दिसला, तर

जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे पटापट मरू लागले. बघता बघता मेलेल्या कावळ्यांची संख्या पन्नाशीपार गेली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि प्रशासनाने १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच्या चार वर्षे आधी, जानेवारी २०२१मध्ये, मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड इथल्या मृत पक्ष्यांमध्येही हाच रोग सापडला होता.

अशी बातमी आली की दर वेळी तेच प्रश्न निघतात. मेलेला कावळा उचलून टाकायचा की तसाच ठेवायचा? फोन कोणाला करायचा? गच्चीवरचे पाण्याचे भांडे काढायचे का? शेजारच्या झाडावरच्या बगळ्यांची घरटी पाडायची का? आपल्या कोंबड्या मारून टाकतील का? या लेखात त्याच प्रश्नांची उत्तरे क्रमाने दिली आहेत. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचे नाही आणि त्याच्याकडे डोळेझाकही करायची नाही.

आधी थोडी माहिती

आज जगभर पसरलेल्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे मूळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांमध्ये सापडले. २००५मध्ये चीनमधल्याच छिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत मोठा वाटा पट्टकादंबांचा होता. हेच पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतात. जानेवारी २०२१मध्ये हिमाचल प्रदेशातल्या पाँग धरणावर ते हजारोंनी मेले. विषाणूच्या नव्या पिढीने गेल्या काही वर्षांत अटलांटिक महासागर ओलांडला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाणकोळ्यांबरोबर समुद्री सिंहांचेही बळी घेतले आणि २०२४च्या फेब्रुवारीत तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही आढळला.

म्हणजे रानपक्षी हे या साथीचे वाहक आहेत आणि तिचे बळीही आहेत. अनेक रानबदकांच्या अंगात विषाणू असूनही ती ठणठणीत दिसतात. कावळे, घारी आणि गिधाडे मेलेले किंवा आजारी पक्षी खातात आणि स्वतः मरतात. गावातले कावळे एकाएकी मरू लागले, तर परिसरात रोग आल्याची ती पहिली खूण असू शकते. म्हणूनच वेळेवर कळवण्याला इतके महत्त्व आहे.

विषाणू पसरतो तो विष्ठा, लाळ आणि नाकातल्या स्रावातून. थंड पाण्यात आणि ओल्या विष्ठेत तो बरेच दिवस तग धरतो. ऊन, उष्णता आणि साबण यांपुढे मात्र त्याचे फार काही चालत नाही. पुढे दिलेल्या जवळपास सगळ्या सूचना या एवढ्या माहितीवर उभ्या आहेत.

प्रत्येक मेलेला पक्षी बर्ड फ्लूचा नसतो

नोव्हेंबर २०१९मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. सगळ्यांना आधी बर्ड फ्लूचीच शंका आली. निदान निघाले ते बॉट्युलिझमचे, म्हणजे कुजक्या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषाचे. आपल्याकडे संक्रांतीच्या दिवसांत मांजाने, उन्हाळ्यात उष्म्याने, विजेच्या तारांना चिकटून आणि फवारलेले धान्य खाऊनही पक्षी मरतात. निदान प्रयोगशाळाच करते. शंका घ्यावी अशी लक्षणे मात्र तुम्हीही ओळखू शकता:

- एकाच जागी, एक-दोन दिवसांत, बाहेरून जखम नसलेले तीन-चार किंवा अधिक पक्षी मरणे
- मान वाकडी होणे, गोल गोल फिरणे, तोल जाणे
- माणूस जवळ गेला तरी न उडणे, पंख लोंबणे, सुस्ती
- बदके, बगळे, कावळे किंवा घारी असे एकाहून अधिक जातींचे पक्षी एकाच वेळी दगावणे

तारेखाली एकटा कावळा पडला असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हात न लावण्याचा नियम तिथेही तोच. बदक, बगळा, घार, घुबड किंवा गिधाड मेलेले दिसले, तर संख्या एक असली तरी कळवा.

मेलेला पक्षी दिसल्यावर काय कराल?

1. चार पावले दूर थांबा. लहान मुले, कुत्री, मांजरे आणि कोंबड्या यांना लांब करा.
2. दुरूनच फोटो काढा. जागा, तारीख, वेळ, पक्ष्यांची संख्या आणि ओळखता आली तर जात टिपून ठेवा.
3. शक्य असल्यास पक्ष्यावर जुनी बादली, टोपले किंवा घमेले पालथे घाला आणि वर दगड ठेवा. त्यामुळे कुत्री तो ओढून नेणार नाहीत आणि दुसरे कावळे त्यावर बसणार नाहीत.
4. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १८००-२३३-०४१८ आहे, तर फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२. पक्षी जंगलात, अभयारण्यात किंवा जलाशयावर असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरही सांगा. मुंबईत महापालिकेचा १९१६ चालतो. गावात ग्रामपंचायतीला सांगितले, तर निरोप पुढे पोचवणे हे तिचे काम आहे.
5. कोणाशी बोललात त्याचे नाव आणि फोनची वेळ लिहून ठेवा. दिवसभरात कोणी आले नाही, तर पुन्हा फोन करा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना तोच तपशील पाठवा.
6. परत आल्यावर हात साबणाने धुवा आणि चपलांचे तळवे साबणाच्या पाण्याने घासा.

पक्षी ताजा असेल तरच नमुना उपयोगी पडतो. कुजलेल्या पक्ष्यातून निदान होणे अवघड, म्हणून उद्यावर ढकलू नका. स्वतः पुरणे, जाळणे, कचऱ्याच्या गाडीत टाकणे किंवा नदी-ओढ्यात सोडून देणे हे चारही मार्ग टाळा. पुरलेला पक्षी कुत्री उकरून काढतात, आणि पाण्यात टाकलेला पक्षी रोग खालच्या गावाला पोचवू शकतो.

नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. अंतिम निदान तिथे होते आणि त्याला काही दिवस लागू शकतात. तोवर ‘आमच्या गावात बर्ड फ्लू’ असे फोटोसह गटागटांत पाठवू नका. त्या एका निरोपाने आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांचा आठवडाभराचा धंदा बसतो.

पक्षी जिवंत आहे, पण आजारी दिसतो

कळवळा येणे स्वाभाविक आहे, पण इथे सर्वांत जास्त सावधगिरी लागते. पक्षी छातीशी धरून घरी आणणे, चोचीत पाणी घालणे, पिंजऱ्यात इतर पक्ष्यांसोबत ठेवणे टाळा. त्याच्यापासून माणसे आणि जनावरे लांब ठेवून वनविभागाला किंवा वनविभागाची मान्यता असलेल्या बचाव केंद्राला बोलवा.

तुम्ही स्वतः बचावकार्य करत असाल, तर हातमोजे, एन-९५ मुखपट्टी, चष्मा आणि धुता येईल असा अंगरखा हे किमान साहित्य सोबत हवेच. आजारी पक्ष्यासाठी वेगळी पुठ्ठ्याची पेटी वापरा आणि नंतर ती नष्ट करा. मांजाने कापलेल्या पक्ष्यांच्या खोलीत शंकास्पद बगळा किंवा कावळा कधीही ठेवू नका.

दाणा-पाणी चालू ठेवायचे का?

परिसरात साथ नसेल, तर पाण्याचे भांडे काढण्याची गरज नाही. फक्त ते रोज रिकामे करा, घासा आणि उन्हात वाळवून मग भरा. खाली पडलेला दाणा आणि विष्ठा ओली करून पुसा. कोरडा झाडू मारला की धूळ उडते आणि ती नाकात जाते.

तुमचा भाग सतर्कता क्षेत्रात आला, तर काही आठवडे दाणा घालणे थांबवा. एका ताटलीवर वीस कावळे-कबुतरे जमली, तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायला तेवढी गर्दी पुरते. घरी कोंबड्या असतील, तर खुराड्याजवळ रानपक्ष्यांना दाणा एरवीही घालू नका.

कुत्री आणि मांजरे

जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा इथे पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ सापडला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावल्याचे कारणही हाच विषाणू असल्याचे निदान झाले. मार्जारकुळाला या रोगाचा धोका मोठा आहे.

- परिसरात पक्षी मरत असतील, तर मांजर घरात ठेवा आणि कुत्र्याला साखळीनेच फिरवा.
- कच्चे चिकन, कोंबडीची आतडी-मुंडकी घालू नका. शिजवून घाला.
- मांजराने मेलेला पक्षी आणला, तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून तो झाका आणि वरच्या क्रमांकांवर कळवा. पुढचे दहा-बारा दिवस ताप, धाप, लाळ, झटके किंवा खाणे सोडणे यांवर लक्ष ठेवा. काही दिसले, तर पशुवैद्याला आधी फोनवर पक्ष्याबद्दल सांगा आणि मग मांजर न्या.

परसातल्या कोंबड्या आणि शेततळे

भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेहून अधिक कोंबड्या मेल्या. रोग कोंबड्यांपर्यंत येतो तो रानपक्ष्यांच्या विष्ठेतून, दूषित पाण्यातून आणि त्याहून अधिक वेळा माणसांच्या चपलांतून, गाड्यांच्या चाकांतून, अंड्यांच्या ट्रेमधून आणि आजारी कोंबड्यांच्या विक्रीतून. ही शेवटची वाट पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ऑक्टोबर ते मार्च या काळात, म्हणजे चक्रवाक, थापट्या, तलवार बदके पाण्यावर उतरतात तेव्हा, पुढील काळजी घ्या:

- शेततळ्याचे, ओढ्याचे किंवा तलावाचे पाणी कोंबड्यांना थेट देऊ नका. विहिरीचे किंवा नळाचे पाणी झाकून ठेवा आणि तेच द्या.
- पाळीव बदके आणि कोंबड्या वेगळ्या ठेवा. बदके निरोगी दिसूनही रोग पसरवू शकतात.
- खाद्य बंदिस्त ठेवा. खुराड्याला चिमण्या-कावळे शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावा.
- खुराड्यात जाताना वेगळ्या चपला वापरा. दारात चुना किंवा जंतुनाशक ठेवा, पण तळव्याची घाण आधी घासून काढा. घाणीच्या थराखाली औषध पोचत नाही.
- बाजारातून आणलेली नवी कोंबडी किमान दोन आठवडे वेगळी ठेवा.
- न विकलेल्या कोंबड्या आठवडी बाजारातून परत आणून थेट कळपात सोडू नका.

कोंबड्या एकदम मरणे, तुरा निळा-जांभळा पडणे, डोके-डोळे सुजणे, अंडी अचानक कमी होणे, हिरवट हगवण लागणे, मान वाकडी होणे यांपैकी काहीही दिसले, तर कळप बंद करा आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. ‘मरायच्या आत विकून टाकू’ या घाईने रोग शेजारच्या तालुक्यात जातो.

पशुसंवर्धन विभागाचे पथक आल्यावर: तुमची जबाबदारी आणि तुमचे हक्क

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली केंद्रीय कायदा झाला. अशा रोगाची शंका आली, तर मालकाने कळवणे आणि आजारी पक्षी वेगळे ठेवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. बर्ड फ्लू त्या कायद्याच्या रोगयादीत आहे.

सगळ्यात मोठी भीती कोंबड्या मारण्याची असते. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार नियम असा आहे:

- फक्त कावळे किंवा अन्य रानपक्ष्यांमध्ये रोग सापडला, तर तेवढ्यावरून आसपासच्या कोंबड्या मारत नाहीत. तपासणी, नमुने आणि निर्जंतुकीकरण वाढवतात.
- कोंबड्यांमध्येच रोगाचे निदान झाले, तर केंद्रस्थानापासून १ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र बाधित ठरते आणि तिथले कुक्कुटपक्षी नष्ट करतात. १ ते १० किलोमीटरपर्यंत निगराणी असते.
- नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची भरपाई मिळते. तिचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. परसातल्या पाच-दहा कोंबड्यांसाठीही हा हक्क आहे.
- रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. लपवण्यात गेलेला प्रत्येक दिवस म्हणूनच मालकाच्या खिशातून जातो.

पथक येईल तेव्हा पक्ष्यांची संख्या तुमच्यासमोर मोजली जात आहे ना, हे पाहा. पंचनाम्यात वय, प्रकार, अंडी आणि खाद्याचे वजन नीट लिहून घ्या, वाचून सही करा आणि प्रत मागा. पिल्लांची व खाद्याची बिले, पोल्ट्रीची नोंदणी आणि बँकेच्या पासबुकाची प्रत तयार ठेवा. नवी पिल्ले भरण्याआधी विभागाकडून परवानगी लेखी घ्या.

चिकन आणि अंडी

पूर्ण शिजवलेले चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. ७० अंश सेल्सिअस उष्णतेला विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी अधिक तापतो. धोका असतो तो कच्चे मांस हाताळताना आणि अर्धवट शिजवून खाताना. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. अर्धे उकडलेले अंडे, पातळ बलक, मधे गुलाबी राहिलेले मांस टाळा. मार्च २०२५मध्ये आंध्र प्रदेशातल्या नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी एच५एन१ने दगावली. तिला कच्चे चिकन भरवले गेल्याचे तपासात समोर आले होते.

रानबदके, लावे, बगळे यांची शिकार करणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२नुसार गुन्हा आहेच. शिवाय साथीत तो जिवाशी खेळ आहे. २००६मध्ये अझरबैजानात मेलेल्या रानहंसांची पिसे उपटणाऱ्या तरुणांना लागण झाली आणि त्यांतले काही दगावले. मेलेले किंवा मारलेले पाणपक्षी कोणी विकायला आणले, तर घेऊ नका, वनविभागाला कळवा.

चुकून हात लागला, तर

माणसाला हा रोग सहज होत नाही. २००३पासून जगभर नोंदलेले एच५एन१चे रुग्ण हजाराच्या घरात आहेत. पण त्यांतले जवळपास निम्मे दगावले, म्हणून गाफील राहता येत नाही. माणसाकडून माणसाकडे सतत पसरण्याची क्षमता या विषाणूने अद्याप दाखवलेली नाही.

1. लगेच साबणाने हात धुवा. तोवर डोळे, नाक, तोंडाला हात लावू नका.
2. कपडे वेगळे धुवा, आंघोळ करा.
3. पुढचे दहा दिवस रोज ताप पाहा. खोकला, घसादुखी, डोळे लाल होणे, धाप, अंगदुखी यांपैकी काही जाणवले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
4. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक तारखेला मेलेल्या पक्ष्याला हात लागला होता. ही माहिती नसेल, तर साधा फ्लू समजून वेळ जातो. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

हे अजिबात करू नका

घबराटीत सर्वाधिक नुकसान मुक्या पक्ष्यांचे होते. बगळ्यांच्या वसाहतीचे झाड तोडणे, घरटी पाडणे, फटाके वाजवून पक्षी हाकलणे, तलावात जंतुनाशक ओतणे, पाणथळ जागा बुजवणे असल्या मागण्या प्रत्येक साथीत होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहभागातून चालणाऱ्या रानपक्ष्यांविषयीच्या वैज्ञानिक कृतिगटाने या उपायांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे. हुसकावलेले पक्षी दुसऱ्या पाणवठ्यावर उतरतात आणि सोबत विषाणू नेतात. तलावात ओतलेल्या रसायनाने मासे मरतात ते वेगळेच. सोसायटीच्या बैठकीत असा ठराव आला, तर विरोध नोंदवा. घरट्यात अंडी-पिल्ले असताना झाड तोडण्याचा प्रयत्न झाला, तर १९२६वर कळवा.

पक्षीनिरीक्षकांनी भिगवण, नांदूरमधमेश्वर किंवा जायकवाडीला जाणे सोडायचे कारण नाही. अंतर राखा, विष्ठा पडलेल्या काठावर बसून डबा खाऊ नका आणि एका पाणवठ्यावरचे बूट न धुता दुसऱ्यावर वापरू नका. पोल्ट्री असणाऱ्यांनी पक्षी पाहून थेट शेडमध्ये जाऊ नये.

ग्रामपंचायत आणि सोसायटीने आधीच करायची कामे

ही तयारी स्थलांतर सुरू होण्याआधी, सप्टेंबरअखेर झालेली बरी:

- तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, वनपाल, आरोग्य केंद्र यांचे क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.
- गावातल्या कोंबड्या-बदकांची घरनिहाय यादी करा. भरपाईच्या वेळी हीच कामी येते.
- सफाई कामगारांना हातमोजे, मुखपट्ट्या आणि जाड पिशव्या द्या. मेलेला पक्षी सगळ्यांत आधी त्यांच्याच हाती लागतो, आणि नेमके त्यांनाच कोणी काही सांगितलेले नसते. आजारी पडल्यास तपासणीला नेण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरवून ठेवा.
- शाळेत मुलांना एवढेच शिकवा: मेलेला पक्षी दिसला की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचे.
- जलाशयाजवळच्या गावांनी मासेमार, गुराखी आणि पक्षीमित्र यांच्यापैकी दोघा-तिघांना आठवड्यातून एकदा काठ पाहून येण्याचे काम द्या, आणि त्यांच्या वहीतली नोंद दर आठवड्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचेल अशी सोय करा.